न दिसणारी एकोणचाळीस पाने

कॉन्ट्रॅक्ट ब्रिज हा चौघांनी दोन जोड्या करून खेळायचा पत्त्यांचा खेळ आहे. समोरासमोर बसलेले दोघे एकमेकांचे भिडू असतात आणि टेबलाच्या चार बाजूंना उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम अशी नावे असतात. बावन्न पाने प्रत्येकी तेरा अशी वाटली जातात आणि मग डाव दोन टप्प्यांत चालतो. पहिल्या टप्प्यात बोली लागते. कोणती जोडी, कोणता रंग हुकूम ठेवून किंवा हुकमाशिवाय, किती हात करून दाखवणार हे तिच्यात ठरते. दुसऱ्या टप्प्यात पाने खेळून ते कबूल केलेले हात करायचे असतात. एवढे नियम अर्ध्या तासात सांगून होतात. तरीही खेळ अंगवळणी पडायला वर्षे लागतात, कारण खेळाडूला दिसतात फक्त स्वतःची तेरा पाने आणि निर्णय घ्यायचे असतात बावन्न पानांबद्दल. न दिसणारी एकोणचाळीस पाने कोणाकडे असावीत, याचा अंदाज हळूहळू नेमका करत जाणे, हेच ब्रिजचे शिक्षण. शिकणाऱ्याच्या वाटेवर बोली, गुण, खेळणे, बचाव असे जे टप्पे येतात, ते सगळे या एकाच कामासाठी असतात.

मेंढीकोटाची पुंजी

महाराष्ट्रात ब्रिजकडे वळणारा माणूस सहसा कोरी पाटी घेऊन येत नाही. मे महिन्याच्या सुट्टीत मेंढीकोट, पाच-तीन-दोन, लाडीस हे खेळ घरोघरी खेळले जातात आणि ब्रिजचा पाया त्या खेळांसारखाच आहे. उतारीच्या रंगाचे पान हातात असेल तर तेच टाकावे लागते, नसेल तर हुकमाने मारता येते, सगळ्यांत मोठे पान टाकणारा हात नेतो आणि पुढची उतारी त्याची, हे शिकणाऱ्याला आधीच ठाऊक असते. समोर बसलेला आपला आणि शेजारचे दोघे विरुद्ध, ही जाणही मेंढीकोटात तयार झालेली असते. पत्त्यांचा कधीच स्पर्श न झालेल्या माणसाच्या मानाने अशी मंडळी पहिल्या काही बैठकींत झपाट्याने पुढे जातात.

पुढे मात्र याच सवयी आड येऊ लागतात. मेंढीकोटात सारे लक्ष चार दश्श्यांवर असते. ब्रिजमध्ये प्रत्येक हाताची किंमत सारखीच, म्हणून बदामाची सत्तीही शेवटी हात करू शकते आणि तिच्यावर नजर ठेवावी लागते. घरच्या डावात एक्का आला की तो पहिल्याच संधीला वाजवून घेण्याकडे कल असतो. ब्रिजमध्ये एक्का कधी टाकायचा हा डावातला सर्वांत जपून घ्यायचा निर्णय असू शकतो. घरच्या खेळात भिडूला डोळ्याने, भुवईने, खाकरून खूण करणे हा गंमतीचा भाग मानला जातो. ब्रिजमध्ये अशी कोणतीही खूण निषिद्ध आहे. भिडूला जे सांगायचे ते बोलीतून आणि टाकलेल्या पानांतूनच सांगायचे आणि त्याचा अर्थ विरुद्ध जोडीलाही विचारता आला पाहिजे, हा या खेळाचा मूळ करार आहे.

बोली: मोजक्या शब्दांत खरे सांगणे

ब्रिजचा पूर्वज व्हिस्ट. एडमंड हॉइल याने १७४२ मध्ये त्यावर इंग्रजीत छोटे पुस्तक लिहिले आणि तो खेळ इंग्लंडमध्ये प्रतिष्ठित झाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यातून ब्रिज निघाला आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ऑक्शन ब्रिज आला. ऑक्शनमध्ये जोडीने कमी बोली लावून जास्त हात केले, तरी ते जादा हातही गेमसाठी, म्हणजे मोठ्या बक्षिसाला लागणाऱ्या गुणांसाठी, धरले जात. १९२५ साली अमेरिकन उद्योगपती हॅरोल्ड व्हँडरबिल्ट लॉस एंजेलिसहून पनामा कालव्यामार्गे हवानाला बोटीने चालला होता. त्या प्रवासात त्याने सोबत्यांबरोबर नवी गुणपद्धत खेळून पाहिली. तिचे सूत्र असे की बोलीत जेवढे कबूल केले तेवढेच गेमसाठी धरायचे. आजचा कॉन्ट्रॅक्ट ब्रिज त्या सूत्रावर उभा आहे. त्यामुळे भिडूंना एकमेकांची पाने अचूक ओळखणे भागच पडले आणि बोली हा खेळाचा निम्मा भाग बनला.

बोलीत सांगायचा आकडा सहानंतरचा असतो. ‘एक बदाम’ म्हणजे बदाम हुकूम ठेवून सात हात, ‘चार इस्पिक’ म्हणजे दहा हात. रंगांची चढती क्रमवारी किलवर, चौकट, बदाम, इस्पिक अशी असून सगळ्यांच्या वर नो ट्रम्प, म्हणजे हुकमाशिवायचा डाव. नवी बोली आधीच्या बोलीच्या वरची हवी. लागोपाठ तिघांनी पास दिला की शेवटची बोली हेच कॉन्ट्रॅक्ट ठरते. एक किलवरपासून सात नो ट्रम्पपर्यंत फक्त पस्तीस बोल्या आहेत, त्यांत पास, डबल, रिडबल एवढीच भर. तेरा पानांची खबर भिडूला द्यायची ती एवढ्याच शब्दांत.

पानांचे बळ मोजायला एक्क्याचे ४, राजाचे ३, राणीचे २, गुलामाचा १ असे पॉइंट धरतात. मिल्टन वर्क या अमेरिकन लेखकाच्या नावाने ओळखली जाणारी ही मोजणी चार्ल्स गोरेनने १९४० नंतरच्या काळात जगभर रुजवली. साऱ्या गड्डीत मिळून ४० पॉइंट असतात. साधारण १२ पॉइंट असले की बोली उघडायची, भिडूने उघडल्यावर उत्तर द्यायला ६ पुरतात, दोघांचे मिळून २५-२६ असले की गेमची बोली रास्त ठरते आणि ३३ असले की स्लॅमचा, म्हणजे बारा हातांचा, विचार करता येतो. हे आकडे पहिल्या आठवड्यात पाठ होतात. त्यांच्यामागचा विचार उमगायला अधिक वेळ लागतो.

तो विचार एका छोट्या बोलीत स्पष्ट दिसतो. दक्षिणेने ‘एक इस्पिक’ म्हटले. याचा अर्थ इस्पिकची किमान पाच पाने आणि बोली उघडण्याइतके बळ. उत्तरेने ‘दोन इस्पिक’ म्हटले. याचा अर्थ इस्पिकची किमान तीन पाने आणि ६ ते ९ पॉइंट. एवढ्यात दक्षिणेला दोन गोष्टी कळल्या. एक, हुकमाची निदान आठ पाने आपल्या बाजूला आहेत. दोन, भिडूच्या बळाला वरचीही मर्यादा आहे आणि खालचीही. दक्षिणेकडे १३ पॉइंट असतील तर बेरीज २२ च्या वर जात नाही, म्हणून पास. १९ असतील तर ती २५ च्या खाली येत नाही, म्हणून थेट ‘चार इस्पिक’. १६-१७ असतील तर गेम भिडूवर अवलंबून आहे. तेव्हा ‘तीन इस्पिक’ म्हणायचे. ही बोली म्हणजे भिडूला विचारलेला प्रश्न आहे. उत्तरेकडे ९ पॉइंट असतील तर तो आपण सांगितलेल्या मर्यादेच्या वरच्या टोकाला आहे, म्हणून चार म्हणेल. ६ असतील तर पास देईल.

नवशिक्याचे पाऊल बहुतेक वेळा इथेच अडखळते. हातात ९ पॉइंट आणि चार इस्पिक आलेले असतात, पाने सुंदर दिसतात आणि ‘दोन इस्पिक’ म्हणून गप्प बसणे फार भेकडपणाचे वाटते. मग तो एकदम तीनवर किंवा चारवर उडी मारतो. भिडू ती बोली खरी मानतो, त्यावर आणखी चढतो आणि डाव बुडतो. पुढे त्याच्या लक्षात येते की ‘दोन इस्पिक’ म्हणताना आपण थांबलो नव्हतो, आपली मर्यादा सांगितली होती. पुढचा निर्णय ज्याला जास्त माहिती आहे त्याने घ्यायचा असतो आणि या क्षणी ती माहिती भिडूकडे आहे. आपल्या पानांचा निर्णय दुसऱ्याच्या हाती सोपवणे हे स्वतःच्या हुशारीवर चालायची सवय असलेल्या माणसांना जड जाते. पण ब्रिजमधली भिडूगिरी म्हणजे नेमके हेच.

पासही बोलतो. पहिल्या फेरीत पास दिलेल्या खेळाडूकडे बारा पॉइंट नाहीत, ही बातमी डावाच्या शेवटापर्यंत उपयोगी पडते. सुरुवातीला पास दिलेल्या पूर्वेने खेळताना एक एक्का आणि दोन राजे दाखवले, तर त्याचे १० पॉइंट उघड झाले. आता चौथ्या रंगातला राजाही त्याच्याकडे असता तर बेरीज १३ झाली असती आणि त्याने बोली उघडली असती. म्हणजे तो राजा पश्चिमेकडे आहे. पान न बघता ते कोणाकडे आहे हे असे ठरवता आले, की शिकणाऱ्याला खेळाची खरी गोडी लागते.

गुणांचे गणित

गुणांची वही नवशिक्याला रुक्ष वाटते, म्हणून ती तो पुढे ढकलतो. पण बोलीतले सारे धाडस आणि सारा संयम तिच्यातूनच येतो. किलवर आणि चौकट यांच्या प्रत्येक हाताला २० गुण, बदाम आणि इस्पिक यांच्या हाताला ३०, नो ट्रम्पच्या पहिल्या हाताला ४० आणि पुढच्या प्रत्येकाला ३०. बोललेल्या हातांचे गुण १०० झाले की गेम. म्हणून तीन नो ट्रम्प, चार बदाम, चार इस्पिक, पाच किलवर आणि पाच चौकट या गेमच्या बोल्या. गेम केल्यास ३०० गुणांचे बक्षीस, जोडी व्हल्नरेबल, म्हणजे बक्षीस आणि दंड दोन्ही वाढलेल्या स्थितीत, असेल तर ५००. गेमखालची बोली पुरी केली तर बक्षीस फक्त ५०.

याचा परिणाम एका उदाहरणावरून कळतो. व्हल्नरेबल नसलेल्या जोडीने ‘दोन इस्पिक’ बोलून दहा हात केले तर तिला १७० गुण मिळतात. ‘चार इस्पिक’ बोलून तेच दहा हात केले तर ४२०. पाने तीच, खेळ तोच, फरक फक्त आधी कबूल करण्याचा. उलट बाजूने, कबूल केलेल्यापेक्षा एक हात कमी पडला तर साधा दंड ५० किंवा व्हल्नरेबल असल्यास १००, आणि विरुद्ध जोडीने डबल दिला असेल तर तो वाढतो. हे गणित एकदा डोक्यात बसले की गेम का गाठायचा, कधी एक पायरी खाली थांबायचे आणि विरुद्ध जोडीचा गेम अडवण्यासाठी थोडा दंड जाणूनबुजून का पत्करायचा, हे वेगळे पाठ करावे लागत नाही.

एक डाव जवळून

बोली संपली की ठरलेला हुकूम किंवा नो ट्रम्प बोली जिंकणाऱ्या जोडीत जो प्रथम बोलला, तो डिक्लेअरर होतो. त्याच्या डावीकडचा खेळाडू उतारी करतो. उतारी पडल्यावर डिक्लेअररचा भिडू आपली सारी पाने टेबलावर उघडी मांडतो. त्या पानांना डमी म्हणतात. तिथून पुढे दोन्हींकडची पाने डिक्लेअररच खेळतो. आता त्याला सव्वीस पाने दिसतात. बचाव करणाऱ्या दोघांनाही आपापली तेरा आणि डमीची तेरा अशी सव्वीसच दिसतात, पण त्यातली निम्मीच त्यांच्या बाजूची असतात.

दक्षिणेकडे अशी पाने आहेत: इस्पिकचे एक्का, राजा, पंजी, बदामाचे एक्का, अठ्ठी, तिर्री, चौकटचे गुलाम, दश्शी, नव्वी, किलवरचे राजा, नव्वी, सत्ती, दुर्री. एकूण १५ पॉइंट आणि रंगांची वाटणी समतोल, म्हणून बोली ‘एक नो ट्रम्प’. उत्तरेकडे: इस्पिकच्या अठ्ठी, छक्की, दुर्री, बदामाच्या नव्वी आणि चव्वी, चौकटचे एक्का, राणी, अठ्ठी, छक्की, पंजी, किलवरचे एक्का, छक्की, चव्वी. म्हणजे १० पॉइंट. भिडूकडे किमान १५ आहेत हे कळलेले असल्याने उत्तर सरळ ‘तीन नो ट्रम्प’ म्हणतो. नऊ हात करायचे ठरले.

पश्चिमेने बदामाच्या छक्कीची उतारी केली. डमी मांडली गेली, पूर्वेने राणी टाकली. बहुतेक नवशिके इथे ताबडतोब एक्का टाकतात. म्हणून अनुभवी शिक्षक एकच सवय लावतात: डमीचे पहिले पान खेळण्याआधी थांबा आणि हात मोजा. मोजणी अशी होते. इस्पिकचे दोन, बदामाचा एक, चौकटचा एक, किलवरचे दोन. हमखास सहा. आणखी तीन हवेत आणि ते चौकटमधूनच येऊ शकतात. दक्षिणेकडून गुलाम खेळायचा आणि पश्चिमेने राजा टाकला नाही तर डमीतून लहान पान टाकायचे. याला फिनेस म्हणतात. राजा पश्चिमेकडे असेल तर तो सापडतो. पूर्वेकडे असेल तर एक हात जातो, पण बाहेरची पाच पाने तीन-दोन अशी वाटलेली असल्यास उरलेले चार हात चौकटमधून पक्के होतात. दोन्ही बाजूंनी नऊ हात हाती येतात. मग धोका कुठे आहे?

धोका बदामात आहे. दोन्हींकडे मिळून बदामाची पाचच पाने आहेत, म्हणजे विरुद्ध जोडीकडे आठ. पश्चिमेकडे पाच आणि पूर्वेकडे तीन असतील, आणि दक्षिणेने पहिल्याच हाताला एक्का टाकून दिला, तर पुढे चौकटचा राजा घेऊन पूर्व बदाम परत करेल आणि पश्चिम चार हात मोकळे करेल. चार बदाम आणि एक राजा असे पाच हात गेले, की आठवर गाडी अडते. म्हणून दक्षिण पहिल्या हाताला तिर्री टाकतो. पूर्व बदामाची दश्शी परत करतो, दक्षिण अठ्ठी टाकतो. तिसऱ्यांदा बदाम आला तेव्हा एक्का घेतो. पूर्वेकडची तिन्ही बदामे आता संपली. यानंतर चौकटचा राजा पूर्वेने घेतला तरी त्याच्याकडे भिडूला देण्यासाठी बदाम नाही, आणि पश्चिमेचे दोन पक्के बदाम हातातच अडकतात. बदाम चार-चार वाटलेले असते, तर पूर्वेकडे एक बदाम उरला असता खरा, पण तेव्हा विरुद्ध जोडीला बदामाचे एकूण तीनच हात आणि चौकटचा राजा, म्हणजे चारच हात मिळाले असते आणि कॉन्ट्रॅक्ट तरीही पुरे झाले असते.

दोन हात आधी सोडून देण्याची ही युक्ती पुस्तकात वाचून पटते, पण हातात एक्का असताना ती अमलात आणायला मनाचा निग्रह लागतो. ज्या दिवशी शिकणारा स्वतःहून ती करतो, त्या दिवशी एक मोठा बदल झालेला असतो. आपल्या एक्क्याकडे बघण्याऐवजी तो विरुद्ध बाजूच्या दोघांमधला संपर्क बघू लागलेला असतो.

शक्यता आणि मोजणी

वरच्या डावात ‘पाच पाने तीन-दोन अशी वाटलेली असल्यास’ असे एक गृहीतक होते. असे वाटप १०० पैकी ६८ वेळा होते. चार-एक २८ वेळा आणि पाच-शून्य ४ वेळा. बाहेर सहा पाने असतील तर तीन-तीन वाटप ३६ टक्के, चार-दोन ४८ टक्के. चार पाने असतील तर दोन-दोन ४० टक्के, तीन-एक ५० टक्के. साधा फिनेस यशस्वी होण्याची शक्यता निम्मी. एवढे आकडे पाठ असले तरी सुरुवातीला पुरतात, कारण दोन वाटांपैकी बरी कोणती हे त्यांवरून ठरवता येते. सहा पानांपैकी तीन-तीन वाटपावर विसंबण्यापेक्षा फिनेस घेणे बरे, हे ३६ आणि ५० या दोन आकड्यांवरूनच दिसते.

आकडे ही फक्त सुरुवात आहे. एखाद्याने दुसऱ्याच फेरीला रंग संपल्याचे दाखवले की शक्यतेची जागा खात्री घेते. म्हणून मोजणीची सवय लागते. सुरुवातीला फक्त हुकमाची पाने मोजायची. बाहेर पाच होती, दोन फेऱ्यांत चार पडली, एक उरले. ते अंगवळणी पडले की आणखी एक रंग, मग विरुद्ध खेळाडूची पूर्ण तेरा पाने. बावन्न पानांचे वाटप ५ वर अठ्ठावीस शून्ये लिहिली तर होतील त्याहूनही अधिक प्रकारे होऊ शकते. त्यामुळे डाव पाठ करून काही हाती लागत नाही, मोजणीची रीत मात्र प्रत्येक डावात कामी येते. थकलेल्या संध्याकाळी मोजणी सुटते हा सर्वांचा अनुभव आहे, आणि सरावाने ती सुटण्याचे प्रमाण कमी होत जाते हाही.

बचाव

निम्म्याहून अधिक डावांत नवशिक्या डिक्लेअरर नसतो. चौघांपैकी एकच डिक्लेअरर आणि एक डमी, उरलेले दोघे बचाव करतात. तरीही शिकणारे बचावाकडे सर्वांत उशिरा वळतात, कारण तिथे स्वतःच्या योजनेपेक्षा भिडूच्या पानांचा अर्थ लावणे अधिक असते.

जुन्या व्हिस्टपासून चालत आलेले दोन आडाखे सुरुवातीला आधार देतात: हातात दुसऱ्याने लहान टाकावे, तिसऱ्याने मोठे. नो ट्रम्पविरुद्ध सर्वांत लांब रंगातले वरून चौथे पान उतारीला टाकण्याचा प्रघात आहे. वरच्या डावात पश्चिमेकडे बदामाचे राजा, गुलाम, सत्ती, छक्की, पंजी होते, म्हणून उतारी छक्कीची. उतारी वरून चौथ्या पानाची असेल तर अकरातून त्या पानाचा आकडा वजा करायचा. उरेल तेवढी त्याहून मोठी पाने बाकीच्या तिघांकडे असतात. अकरातून सहा गेले, पाच उरले. पूर्वेला डमीत नव्वी दिसते, स्वतःकडे राणी आणि दश्शी आहेत. झाली तीन. म्हणजे दक्षिणेकडे छक्कीहून मोठी बदामे बरोबर दोन आहेत. प्रत्यक्षात ती एक्का आणि अठ्ठी होती. एका उतारीवरून, डोळ्यांना न दिसणाऱ्या हातातली पाने अशी मोजता येतात.

याशिवाय भिडूच्या उतारीवर मोठे पान टाकले तर ‘हाच रंग चालू ठेव’ आणि लहान टाकले तर ‘दुसरा बघ’, अशी खूण बहुतेक जोड्या ठरवून घेतात. दुर्री आणि अठ्ठी यांत फरक असतो, हे नवशिक्याला इथे प्रथम कळते.

भिडू, शिस्त आणि सभ्यता

स्पर्धांत बोली तोंडाने लावत नाहीत. बिडिंग बॉक्स नावाच्या डबीतली कार्डे टेबलावर ठेवून बोली दाखवतात. आवाजाच्या चढउतारातूनही काही सूचित होऊ नये हा त्यामागचा हेतू. भिडू विचारात पडला, अडखळला, तर त्यावरून निष्कर्ष काढून खेळणे नियमबाह्य आहे. आपल्या एखाद्या बोलीला नेहमीपेक्षा वेगळा अर्थ दिलेला असेल तर तो विरुद्ध जोडीला कळला पाहिजे. घरच्या मेंढीकोटात वाढलेल्याला ही शिस्त पहिल्यांदा कडक वाटते. काही महिन्यांनी तिचा फायदा दिसतो. खुणांचा आधार गेल्यावर बोली आणि पाने नीट वाचावीच लागतात.

जोडी टिकते ती डावानंतरच्या बोलण्यावर. डाव बुडाला की खापर भिडूवर फोडण्याचा मोह फार मोठा असतो. शिकणाऱ्या जोडीला एकच प्रश्न उपयोगाचा ठरतो: त्या क्षणी आपल्याला काय माहीत होते आणि त्यावरून जे केले ते बरोबर होते का? निम्म्या शक्यतेचा फिनेस फसला म्हणून निर्णय चुकला असे होत नाही, आणि वेडी बोली नशिबाने पुरी झाली म्हणून ती शहाणी ठरत नाही. निकाल आणि निर्णय वेगळे काढून बघायला शिकणे हा ब्रिजचा फार मोठा लाभ आहे, आणि तो टेबलाबाहेरही उपयोगी पडतो.

डुप्लिकेट आणि शिकण्याचा क्रम

स्पर्धांत आणि बहुतेक क्लबांत डुप्लिकेट पद्धत असते. वाटलेली पाने चार खणांच्या बोर्डात ठेवली जातात, डाव संपल्यावर प्रत्येकाची पाने त्याच्याच खणात परत जातात आणि बोर्ड पुढच्या टेबलाकडे सरकतो. सगळे तीच पाने खेळतात, त्यामुळे चांगली पाने येण्याचे नशीब निघून जाते. गुणांची तुलना आपल्यासारखीच पाने खेळलेल्या इतर जोड्यांशी होते. शिकणाऱ्याला याहून चांगला गुरू नाही. आपण आठ हात केले तिथे पलीकडच्या टेबलावर नऊ झाले असतील, तर नववा कुठून आला हे जाऊन विचारता येते.

शिकण्याचा क्रमही आता बराच ठरून गेला आहे. आधी बोलीशिवायचा मिनीब्रिज: चौघे आपले पॉइंट जाहीर करतात आणि जास्त पॉइंटांची जोडी खेळते. यात हात करणे आणि मोजणे पक्के होते. मग साधी बोली, पाच पानांचा मोठा रंग (बदाम किंवा इस्पिक) आणि एक नो ट्रम्प. त्यानंतर दोन संकेत: एक नो ट्रम्पवर चार पानांचा मोठा रंग विचारणारा स्टेमन, आणि पाच पानांचा रंग दाखवणारा ट्रान्सफर. इझली ब्लॅकवुडने १९३३ मध्ये मांडलेला, एक्के विचारणारा ब्लॅकवुड स्लॅमच्या वेळी लागतो. याच्या पुढचे संकेत शेकड्यांनी आहेत आणि नवशिक्याला त्यांची भुरळ पडते. पण जो संकेत जोडीतल्या दोघांनाही झोपेतून उठवून विचारला तरी सांगता येत नाही, तो न वापरलेला बरा. घरी भिडू मिळत नसेल तर ब्रिज बेस ऑनलाइनसारख्या ठिकाणी संगणकाबरोबर सराव होतो. तिथे कितीही वेळ घेतला तरी समोरचा कंटाळत नाही. माणसांसमोर बसण्याचा सराव मात्र क्लबातच होतो.

वयाचा अडसर या खेळात फारसा नाही. २०१८ च्या जकार्ता आशियाई क्रीडास्पर्धेत ब्रिजचा प्रथमच समावेश झाला. तिथे पुरुषांच्या जोडीचे सुवर्णपदक प्रणव बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी भारताला मिळवून दिले, तेव्हा ते अनुक्रमे ६० आणि ५६ वर्षांचे होते. त्याच स्पर्धेत भारताला दोन कांस्यपदकेही मिळाली आणि पुढच्या, हांगझोऊच्या स्पर्धेत पुरुष संघाने रौप्य जिंकले. चाळिशी-पन्नाशीत शिकायला बसणाऱ्याला यातून धीर मिळावा. गतीपेक्षा एकाग्रता आणि सातत्य इथे जास्त लागते.

क्लबातल्या पहिल्या डुप्लिकेटला जाताना नवशिक्याने तीन गोष्टी ठरवून जाव्यात. भिडूबरोबर बोलीच्या मोजक्या, पक्क्या गोष्टी लिहून घ्याव्यात आणि त्यांच्या बाहेर जाऊ नये. डिक्लेअरर असताना डमीचे पहिले पान खेळण्याआधी हात मोजावेत. बचाव करताना भिडूचे प्रत्येक पान का पडले, एवढे स्वतःला विचारावे. गुणपत्रकात त्या दिवशी जोडी तळाला असली तरी चालेल. या तीन गोष्टी दिवसभर पाळता आल्या, तर शिक्षण योग्य वाटेवर आहे.